सव्वादोनची नोंद

रविवारची सकाळ होती. ताई कॉम्प्युटरसमोर बसून चहा पीत होती, मी शेजारच्या खुर्चीत होतो, आणि आम्हा दोघांपैकी कुणीही काही दाबलेलं नसताना प्रिंटर चालू झाला. आधी त्याची नेहमीची घरघर, मग कागद आत ओढल्याचा आवाज, आणि मग एक कागद सावकाश बाहेर आला. त्याच्यावर वरच्या बाजूला तीन ओळी होत्या. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. तुमचा प्रिंटर आणि सगळ्या फायली बाहेरून दिसतायत. मी काही घेतलेलं नाही. लवकर बंद करा.

ताईने कागद वाचला, माझ्याकडे दिला आणि कप खाली ठेवला. ठेवताना निम्मा चहा बशीत सांडला. मला आधी वाटलं, कुणीतरी ओळखीच्याने चेष्टा केली असेल. मग मोडेमकडे लक्ष गेलं. त्याचे दिवे लुकलुकत होते. तास-दीड तास मी इंटरनेट लावून ठेवलं होतं, एक मोठी फाइल उतरवून घेत होतो. मी उठलो आणि भिंतीतून टेलिफोनची वायरच उपटून काढली.

हे सांगलीतलं, १९९९ सालचं. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती घरातच डीटीपीचं काम करायची, म्हणजे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सहकारी संस्थांचे अहवाल कॉम्प्युटरवर जुळवून छापखान्याला द्यायची. तिचे दोन कॉम्प्युटर आणि माझा एक, असे तीन मी वायरने एकमेकांना जोडले होते. एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यावरून उघडता यावी, प्रिंटर सगळ्यांना वापरता यावा, एवढाच हेतू. इंटरनेट आल्यावर ते ताईच्या मोठ्या कॉम्प्युटरला लावलं. घरातल्या घरात उघडलेली ती फायलींची कपाटं त्या वायरीतून बाहेरच्या जगालाही उघडी पडतात, हे मला समजायला हवं होतं. मी त्याच विषयाचा मास्तर होतो.

ताईने एक फोल्डर उघडून दाखवला. त्यात दोन शाळांच्या सहामाही परीक्षेच्या प्रश्नपत्रिका होत्या. परीक्षा आठ दिवसांवर आलेली. ज्याने कागद पाठवला त्याने काही घेतलं नसेलही, पण त्याच्याआधी कोण कोण येऊन गेलं, हे कुणाला ठाऊक? सोमवारी ती दोन्ही शाळांत स्वतः गेली आणि झालेलं सांगितलं. एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी ऐकून घेतलं आणि पेपर बदलून मागितले. दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिला शिपायांच्या देखत सुनावलं, आणि ते काम तिच्या हातातून कायमचं गेलं. ती घरी आली, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "हे तू बंद कर. कसं ते मला सांगू नकोस. फक्त बंद कर."

इंटरनेट काढून टाकणं सोपं होतं, पण पुण्याची दोन गिऱ्हाइकं आता मजकूर मेलवरच पाठवत होती. तेव्हा मी फायरवॉल बांधायचं ठरवलं. फायरवॉल म्हणजे मध्ये बसणारा एक वेगळा कॉम्प्युटर. बाहेरची लाइन फक्त त्याच्यात येणार, घरातले सगळे त्याच्या मागे राहणार. काय बाहेर सोडायचं, काय आत घ्यायचं, हे आपण लिहून दिलेल्या नियमांप्रमाणे तो ठरवतो, आणि प्रत्येक ये-जा लिहूनही ठेवतो. तयार यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. माझ्याकडे ४८६ जातीचा एक निकामी ठरलेला जुना कॉम्प्युटर होता, आणि एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीची, सीडी होती.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, मी हे सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते. ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते, नोकरीची दोन वर्षं उरली होती. मूळचे जतचे. कोरड्या रानातून निघून खात्यात चिकटले आणि आयुष्यभर लोकांच्या घरात तारा नेत राहिले. आपण टाकलेल्या तारेतून कुणी परका आपल्याच घरात शिरला, हे त्यांना पटेना. त्यांनी तो छापलेला कागद दोनदा वाचला. फेस तसाच गालावर वाळला.

"तारेतनं आवाज जातोय," ते म्हणाले. "मानूस कसा जाईल?"

पुढच्या रविवारी ते मला मिरज रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे घेऊन गेले. जुनं टेलिफोन एक्स्चेंज मोडलं तेव्हा तिथले लोखंडी सांगाडे लिलावात भंगारात गेले होते, हे त्यांना माहीत होतं. गंजलेल्या पत्र्यांच्या ढिगातून त्यांनी दोन उभे खांब ओढून काढले. दोन्हींना वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर भोकं होती. असल्या सांगाड्याला रॅक म्हणतात, यंत्रं एकावर एक स्क्रूने आवळून बसवायची. अण्णांनी बोटाने भोकं मोजली आणि म्हणाले, याच्यासमोर मी बावीस वर्षं उभा राहिलोय. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कारागिराकडून आम्ही ते कापून कमरेएवढे करून घेतले, एकोणीस इंचांच्या मापात आडवे पत्रे बसवले आणि ४८६ साठी एक चपटी पेटी वाकवून घेतली. कारागिराला ते कशासाठी आहे हे कळेना. शेवटी त्याने देव्हारा समजून कडेला एक नक्षी काढून दिली, ती तशीच राहिली.

पेटीत मी बोर्ड बसवला आणि पहिल्याच वेळी खालचा पत्रा लागून धूर निघाला. नशिबाने एक कार्डच जळालं. अण्णांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापले आणि बोर्डाखाली सारले. वायरी मी कशाही सोडल्या होत्या, ते त्यांना बघवेना. त्यांनी मेणाचा दोरा आणला आणि एक्स्चेंजमध्ये बांधतात तशी सगळी जुडी बोटबोटभर अंतरावर गाठी मारून बांधून काढली. त्या तीन रविवारांत आम्ही जितकं बोललो तितकं त्याआधी कधी बोललो नव्हतो. खांबावर चढल्यावर पावसात हात कसे बधिर होतात, गावंदरीची, म्हणजे गावालगतच्या रानातली, लाइन वानरं कशी तोडतात, हे सगळं मला तेव्हा कळलं.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात आम्ही रॅक भिंतीला आवळला. पंखा इतका मोठ्याने वाजायचा की आई म्हणाली, घरात पिठाची गिरणी आणली. तिने त्याच्यावर एक धुतलेलं फडकं टाकलं. गरम होईल म्हणून मी काढलं, तिने परत टाकलं.

पहिल्या संध्याकाळी मी अण्णांना नोंदी दाखवल्या. माझ्या कॉम्प्युटरवर ओळी खालून वर सरकत होत्या. प्रत्येक ओळ म्हणजे बाहेरून कुणीतरी दार ढकलून पाहिलेलं. लाइन लावून पाव तास झाला नव्हता, आणि पडदा भरून गेला. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून बघत होते. ही माणसं कोण, त्यांना आपलं काय पाहिजे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बऱ्याचदा माणूस नसतोच, कुणीतरी सोडून दिलेला प्रोग्राम असतो, तो सगळ्यांचीच दारं ढकलत फिरतो. ते उठून गेले आणि घराचं पुढचं दार लावलेलं आहे का ते बघून आले. मला हसू आलं नाही.

आठवडाभराने मी पहिल्यांदा दुसऱ्या बाजूच्या नोंदी वाचल्या. आतून बाहेर काय जातं, त्या. आणि तिथे मला एक गोष्ट दिसली. रोज दुपारी सव्वादोनच्या आसपास ताईच्या मोठ्या कॉम्प्युटरकडून मागणी येई, यंत्र आपोआप फोन लावी, पाच-सात मिनिटं काहीतरी बाहेर जाई, मग शांत. रविवार सोडून रोज. त्या वेळी ताई छापखान्यात असते. मी कॉलेजात, अण्णा कामावर. घरी आई एकटी.

अर्थ मला एकच दिसत होता. फायरवॉल बांधायच्या आधीच कुणीतरी आत येऊन काहीतरी पेरून गेलं होतं, आणि ते रोज ठरल्या वेळी आमच्या फायली बाहेर पाठवत होतं. बाहेरची दारं लावताना चोराला आम्ही आतच कोंडलं होतं. सकाळी चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर हे बोललो. ताईचा चेहरा उतरला. असं असेल तर आता सगळ्या गिऱ्हाइकांना सांगावं लागेल, आणि मग धंदा मिटलाच, असं ती म्हणाली. अण्णांनी विचारलं, किती वाजता म्हणालास? मी वेळ सांगितली. ते डबा घेऊन गेले. आई तव्यासमोर होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

त्या दिवशी मी अर्धी रजा काढली आणि दोन वाजून दहा मिनिटांनी घरी आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. बोळात पंखा घरघरत होता, म्हणून तिला माझी चाहूल लागली नाही.

आई कॉम्प्युटरसमोर बसली होती. चष्मा नाकावर, पदर खोचलेला, उजव्या हाताचं एक बोट कीबोर्डवर. एक अक्षर शोधायची, दाबायची, मान वर करून बघायची. शेजारी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून ठेवलेलं, त्यावर तिच्या वळणदार अक्षरात एक ते अकरा पायऱ्या लिहिलेल्या. इथे दोनदा दाबणे. थोडे थांबणे. ताईने कधीतरी एका गिऱ्हाईक बाईंना मेल कसं पाठवायचं ते समजावलं होतं, आईने तेव्हा बाजूला बसून शेंगा सोलत ते ऐकलं होतं आणि नंतर उतरवून काढलं होतं. ताई तिच्याकडून प्रुफं वाचून घ्यायची, आईचं शुद्धलेखन पक्कं होतं. पण ती कॉम्प्युटर चालवते हे घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मी तिथेच उभा राहिलो. तिला मी दिसलो तेव्हा तिने आधी पदर ठीक केला, मग पडद्यावर हात धरला, जणू त्याने मजकूर झाकला जाणार होता.

"चोर न्हाई रं," ती म्हणाली. "मीच हाय."

ती मावशीला लिहीत होती. मला मावशी आहे हे मी जवळजवळ विसरलो होतो. आईची धाकटी बहीण, मिरजेला नर्सिंग शिकलेली. लहानपणी ती मला इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या खेळायला आणून द्यायची. मी आठ वर्षांचा असताना तिने जातीबाहेर लग्न केलं. आईचं माहेर उंब्रजचं, उसाची शेती, दोन भाऊ, त्यातला धाकटा फौजेत. तो रजा काढून आला, सगळ्या नातेवाइकांना घरी बसवलं गेलं, आणि हिचं नाव पुन्हा या घरात किंवा कुठल्याही पाव्हण्याच्या घरात निघणार नाही, असा शब्द प्रत्येकाकडून घेतला. जावयांकडूनही. अण्णांनीही दिला. मावशी नवऱ्याबरोबर मस्कतला गेली, आणि त्यानंतर अठरा वर्षं आमच्या घरात तिचं नाव निघालं नाही.

निदान मला तसं वाटत होतं. आईने सांगितलं की शेजारच्या काकूंकडे फोन होता तोवर मावशी तिकडे फोन करायची. आमच्याकडे फोन आला तेव्हा तिने मावशीला बजावलं, इथे करू नकोस, कुणीही उचलेल. मग काकू कोल्हापूरला गेल्या, आणि वर्षातून एकदा येताना मावशीने त्यांच्या पत्त्यावर धाडलेलं पत्र घेऊन यायच्या. शेवटच्या पत्रात मावशीने मेलचा पत्ता लिहिला होता. आईने मला एकच विनंती केली. अण्णांना सांगू नकोस, त्यांनी शब्द दिलाय. मी मान हलवली. तिने ते पत्र पूर्ण केलं, माझ्या देखत पाठवलं आणि अकरा पायऱ्यांचं पान घडी घालून डाळीच्या डब्यामागे ठेवलं.

पण संध्याकाळी ताई छापखान्यातून आली ती ठरवूनच. चहा झाल्यावर तिने वही काढली आणि कुठल्या गिऱ्हाइकांना कळवायचं त्यांची नावं लिहायला बसली. अण्णा नुकतेच कामावरून आले होते. मी म्हणालो, तसं काही नाहीये, चूक माझी होती. ताईने विचारलं, मग ते रोज सव्वादोनला जातं ते काय? मला खोटं जमेना. मी नियम चुकला, वेळ चुकली, असलं काहीतरी बोललो. ताई म्हणाली की तिच्या नावावर लोक विश्वास ठेवतात, तिला खरं कळलं पाहिजे. मग आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि अण्णांकडे बघून म्हणाली, "मी लिहिते. मस्कतला. धाकटीला."

ताईच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मी अण्णांकडे बघायचं टाळत होतो. ते खुर्चीत बसून बुटांची नाडी सोडत होते. दुसऱ्या बुटाचीही सोडली, आणि मग म्हणाले, "मला म्हाईत हाय."

आईला वाटलं, त्यांना सकाळी अंदाज आला असेल. तिने तसं विचारलं.

"सकाळपासनं न्हाई," अण्णा म्हणाले. "नऊ वर्सं झाली."

मग त्यांनी सांगितलं. शेजारच्या काकूंच्या फोनवर खरखर येते अशी तक्रार आली होती. ते खांबावर चढले आणि तपासायचा रिसीव्हर तारेला लावला. त्यात आईचा आवाज, आणि पलीकडे मावशीचा. आई विचारत होती, पोरगी कुणासारखी दिसते? त्यांनी रिसीव्हर काढला. थोडा वेळ तसेच खांबावर पट्ट्याला टेकून राहिले. खाली आल्यावर तक्रारवहीत लिहिलं, लाइन ठीक आहे. खरखर तशीच राहिली आणि काकूंनी दोन दिवसांनी पुन्हा तक्रार केली. त्या वेळी त्यांनी दुसऱ्या लाइनमनला पाठवलं.

हे ऐकताना मला अण्णांचं फार कौतुक वाटलं, ते लपवत नाही. शब्द दिलेला माणूस, कानावर पडलेलं पोटात ठेवून नऊ वर्षं गप्प राहिला. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, तिला रडू येईल, मग सगळं निवळेल. ती रडत नव्हती. ती त्यांच्याकडे असं बघत होती की मी पटकन नजर वळवली.

"त्या दिवशी घरी येऊन जेवलात?" तिने विचारलं.

"व्हय."

"मी वाढलेलं."

"व्हय."

"नऊ वर्सं मी चोरावानी वागले. भाजीला जाते म्हनून तिकडं जायचे. तुमी पिशवी द्यायचा हातात."

अण्णा म्हणाले, "लाइनीवर ऐकल्यालं घरी आनायचं न्हाई. आमचं तसंच हुतं. कुनाकुनाचं काय काय ऐकलंय, कुटं बोललो न्हाई."

"मी काय तुमची लाइन हाय का?" आई म्हणाली.

अण्णा बूट हातात घेऊन तसेच बसले. ताईने वही मिटली. आई आत गेली, आणि भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, जरा जास्तच वेळ.

त्यानंतर आठ-दहा दिवस आई अण्णांशी कामापुरतंच बोलली. डबा भरून द्यायची, पण दारापर्यंत यायची नाही. मी त्या दिवसांत नियमांची फाइल उघडली आणि घरातून बाहेर जाणाऱ्याची नोंद ठेवणारी ओळ खोडून टाकली. अण्णा मागे उभे होते हे मला माहीत नव्हतं. काय पुसलंस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, भायेरचं लिव, घरातलं लिवू नगंस. मग जरा थांबून म्हणाले की न लिहिण्यानेही सगळं भागत नाही. दुसरं ते कुणाला उद्देशून बोलले, ते मी विचारलं नाही.

एके दिवशी आईने अण्णांना सांगितलं, मला उंब्रजला घेऊन चला. दोघं एसटीने गेले, मीही बरोबर गेलो. जेवणं चालू असताना अण्णांनी थोरल्या मामांना सांगितलं की अठरा वर्षांपूर्वी दिलेला शब्द मी आज परत घेतो. बायकोने बहिणीशी बोलायचं, आणि मीही बोलणार. मी अण्णांना असं सगळ्यांसमोर बोलताना कधी पाहिलं नव्हतं. थोरले मामा ताटावरून उठले, हात धुतले आणि मळ्याकडे निघून गेले. त्यानंतर ते दोन वर्षं आमच्याकडे आले नाहीत. धाकटे मामा, ज्यांनी तो शब्द घ्यायला सगळ्यांना बसवलं होतं, ते फौजेतून निवृत्त होऊन घरीच होते. आम्ही हायवेला एसटीची वाट बघत उभे होतो तेव्हा सायकलवरून आले, उतरले, आणि आईकडे न बघता म्हणाले, तिचा पत्ता लिहून दे. आईला इतका धक्का बसला की तिला पत्ता आठवेना. शेवटी मीच त्यांना तिकिटाच्या मागे, त्या दिवशी पडद्यावर पाहिलेला मेलचा पत्ता लिहून दिला. तो बघून, हे काय गाव आहे, असं त्यांनी विचारलं.

मावशी मे महिन्यात आली. मुंबईहून रेल्वेने, सकाळी मिरजेला. आम्ही चौघंही गेलो होतो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते. गाडी लागली, माणसं उतरली, आई डब्याडब्यातून बघत पुढे निघाली. ती एकवीस-बावीस वर्षांची, दोन वेण्या घालणारी मुलगी शोधत होती, हे मला नंतर कळलं. केस पांढरे झालेली, जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई बॅगेवर हात ठेवून उभी होती. आई तिच्या अगदी अंगाजवळून गेली, सरकायला सांगून पुढे गेली. ती बाईही आधी नुसतीच बघत राहिली. आई तिसऱ्या डब्यापर्यंत पोचली तेव्हा मागून हाक आली, "अक्का."

आई थांबली. पण वळायला तिला फार वेळ लागला.